रुखवतातला पट्टा

एका जंगलात एक घाट होता. खरं म्हणजे घाटात जंगल असतं, पण गोष्ट मी सांगतोय, तेव्हा जंगलात घाट. ज्याला पटत नसेल त्यानं उठून पाय धुऊन यावं.

तर बाळांनो, ह्या घाटाच्या अलीकडे केरोबा नावाचा एक अस्वल राहायचा. त्याचा धंदा मालवाहतुकीचा. अलीकडचा माल पलीकडे न्यायचा, पलीकडचा अलीकडे आणायचा. मधाचे गडू, हिरडे, फणस, पाटे-वरवंटे, कधी कुणाचं अख्खं बिऱ्हाड. गाडी केरोबाची आणि ती ओढायला रंगनाथ रेडा. रंगनाथ फारसा बोलायचा नाही. बोलला की मात्र समोरच्याला लागायचं.

गाडीत माल चढला की त्यावरून पट्टे टाकायचे. पट्टा म्हणजे अंबाडीची विणलेली, चांगली रुंद आणि लांबलचक पट्टी. तिच्या एका टोकाला आकडा आणि दुसऱ्या टोकाला खटका. आकडा गाडीला अडकवायचा, पट्टा मालावरून पलीकडे न्यायचा आणि खटका ओढायचा. करकर करकर करत पट्टा असा आवळायचा, की मालाची हलायची काय बिशाद!

इथपर्यंत सगळं छान. पण माल उतरला की केरोबा पट्टे सोडायचा आणि अंगणात भिरकावून द्यायचा. एकावर एक, एकावर एक. सकाळी बघावं तर असा गुंता, की कुठलं टोक कुणाचं हे ब्रह्मदेवालाही कळू नये. मग केरोबा शिव्या घालत एक टोक ओढायचा. त्याची बायको भागाबाई दुसरं ओढायची. मध्ये गाठ बसायची.

"तुम्ही ओढू नका, मी ओढते."

"तू ओढतेस म्हणून तर गाठ बसतीय!"

हे रोजचंच होतं. रंगनाथ जू खांद्यावर घेऊन बाजूला रवंथ करत उभा राहायचा. त्याला घाई नव्हती.

केरोबाला एक मुलगी होती, मधुली. फार गुणी पोर. हातात कला अशी की वाळक्या पानावर टाके घातले तरी पान हिरवं वाटावं. तिला घाटापलीकडच्या सागवानाच्या रानातलं एक स्थळ आलं. मुलगा चांगला होता. पोळं काढताना माश्या चावल्या तरी हसत राहायचा. असा नवरा सहसा मिळत नाही, हे तुम्हाला पुढं कळेल.

पण मुलाची आई द्वारकाबाई भयंकर टापटिपीची. तिच्या अंगणात पान गाळायचं म्हटलं तर झाडाला धाक वाटायचा.

मंडळी मुलगी बघायला आली. पोहे झाले, सरबत झालं. मधुलीनं त्या मुलाकडे एकदा बघितलं आणि कान खाजवला. अस्वलाची पोरगी लाजली तर केसांतून दिसत नाही, ती कान खाजवते. केरोबानं ते बघितलं आणि त्याचा जीव सुपाएवढा झाला. पोरीच्या मनात बसलंय, आता हे लग्न झालंच पाहिजे, असं त्यानं तिथल्या तिथं ठरवलं.

आणि नेमक्या त्याच वेळी द्वारकाबाई हात धुवायला अंगणात उतरली.

पट्ट्यांच्या गुंत्यात तिचा पाय गेला. एक आकडा लुगड्यात अडकला. ती डावीकडे ओढायला गेली तर खटका करकरला आणि पट्टा आणखी आवळला. शेवटी बाई धप्पकन आपटली. सगळे धावले. सोडवायला अर्धी सकाळ गेली.

द्वारकाबाई उठली. लुगडं झटकलं. मग गंभीर आवाजात म्हणाली, "मुलगी पसंत आहे. पण ह्या घराला वळण नाही. अंगणात हे, तर पोरीच्या रुखवतात काय असेल? लग्नाच्या दिवशी आमच्या मांडवात रुखवत मांडा. मी स्वतः बघेन. टापटीप दिसली तर अक्षता पडतील. नाही तर आल्या वाटेनं परत जायचं."

रुखवत म्हणजे काय, ठाऊक आहे ना? नवरीनं आपल्या हातानं करून नेलेल्या वस्तू. लाडू, करंज्या, तोरणं, लोकरीची बदकं. त्या मांडवात मांडतात, आणि सासरची मंडळी भोवती उभी राहून नाकं मुरडतात. जुनी आणि फार सुंदर चाल आहे.

पाहुणे गेले. मधुली आत जाऊन तोरणाचा पहिला टाका घालायला बसली. केरोबाच्या घशाखाली मात्र घास उतरेना. माझ्या गबाळेपणापायी पोरीचं लग्न मोडलं तर? तो तडक उठला आणि येसबा सुतारपक्ष्याकडे गेला.

"येसबा, ह्या पट्ट्यांचं काहीतरी कर बाबा. नाही तर मी घाटातून उडी मारतो."

"थांब, थांब. घाटातून उडी मी मारतो, मला पंख आहेत," येसबा म्हणाला आणि टकटक करत कामाला लागला.

त्यानं जे केलं ते एवढंसं होतं, तळहातात मावेल असं. सागाची एक मूठ. तिच्या पुढं दोन दांड्या. बाजूला फिरवायचा कान आणि वर खुंटीला टांगायचा आकडा. पतंगाची फिरकी असते ना, तिची थोरली बहीण म्हणा. पट्ट्याचं टोक दोन दांड्यांमध्ये घालायचं आणि कान गरागरा फिरवायचा. पट्टा आपला आपण गुंडाळत येतो. मग फिरकीसकट खुंटीला टांगून टाकायचा. गाठ नाही, गुंता नाही, भांडण नाही. भागाबाईला तर दुसऱ्या दिवशी सकाळी करमेना.

केरोबानं पहिला पट्टा गुंडाळला तो क्षण मोठा होता. काठाला काठ लागलेला, बशीसारखा गोल, एक सुरकुती नाही. केरोबा त्याच्याकडे बघत राहिला. जवळून बघितलं, लांबून बघितलं. शेजाऱ्याला बोलावून दाखवलं. सगळे पट्टे गुंडाळून पडवीत ओळीनं टांगले तेव्हा त्याचे डोळे भरून आले.

"बघ भागा, आता म्हणू दे कुणाला वळण नाही म्हणून!"

बातमी रानभर झाली. जो तो पडवी बघायला येऊ लागला. जो तो येसबाकडून फिरकी नेऊ लागला. ज्यांच्याकडे गाडी नव्हती तेही नेऊ लागले. कासवाकडे तर एकही पट्टा नव्हता. त्यानं धामणीला विचारलं, "जरा येतेस का, फिरकी वापरून बघायची होती." धामण त्या दिवसापासून त्याच्याशी बोलत नाही.

मग सिंहमहाराजांनी गुंडाळणी सप्ताह जाहीर केला. त्यांनी भाषण केलं. "ज्या जंगलाचे पट्टे नीट, त्या जंगलाची प्रजा नीट," असं काहीतरी ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कारण ते सिंह होते. सप्ताहातल्या गुंडाळणीच्या स्पर्धेत केरोबाचा पट्टा पहिला आला. त्याला हार घातला. पट्ट्याला, केरोबाला नव्हे.

सप्ताह संपला आणि फणसांची खेप आली. भागाबाईनं खुंटीवरचा पट्टा काढला.

केरोबा ओरडत धावला. "अगं अगं अगं! काय करतेस?"

"फणस बांधायचेत."

"ह्यानं?"

"मग काय माझ्या वेणीनं?"

"अगं, पहिला आलेला पट्टा आहे तो! उलगडला तर पुन्हा असा बसायचा नाही."

"बरं, मग तो दुसरा घेते."

"तो तर ह्याच्याहून छान बसलाय. फक्त नशीब नव्हतं त्याचं."

एकेक करत सगळे पट्टे झाले. कुठलाही उलगडायचं केरोबाच्या जिवावर आलं. शेवटी फणस रानवेलींनी बांधले. वेली पुरेनात, म्हणून दाबायला वर माकडं बसवली. पहिल्याच वळणावर वेल तुटली आणि निम्मे फणस गडगडत खाली गेले. उरलेले माकडांनी खाल्ले.

"रस्ता फार खराब आहे," केरोबा म्हणाला.

रंगनाथ म्हणाला, "मालक, आधी मी माल ओढायचो. आता मालावरची माकडंही ओढतो. पट्टे तेवढे भिंतीवर सुखात आहेत."

"त्यांना जपावं लागतं रे."

"मला कधी टांगणार भिंतीवर?" रंगनाथानं विचारलं. केरोबानं ऐकलं नाही.

गिऱ्हाईकं चिडली, चिडणारच. तरातरा भांडायला यायची. पण पडवीत शिरली, की समोर ते ओळीनं टांगलेले पट्टे. मग आवाज उतरायचा. "वा, काय गुंडाळलंय हो! फिरकी येसबाचीच ना?" असं म्हणून ती फणस विसरून जायची. हसू नका. तुमच्या घरी पाहुण्यांचे कप कुठं आहेत ते आधी बघून या.

असं करता करता लग्नाचा दिवस उजाडला.

मधुलीचं रुखवत असं झालं होतं की बघत राहावं. मोहाच्या फुलांचे लाडू. वाळवीचे कुरकुरीत सांडगे, जे अस्वलांना फार आवडतात, तोंडं वाकडी करू नका. मधाच्या गडूंची उतरंड. बोरांच्या बियांचं तुळशीवृंदावन. आणि ते तोरण. पावसाळाभर बसून तिनं त्यावर अख्खा घाट भरला होता. वळणं, झाडं, गाडी, गाडीपुढं रंगनाथ आणि गाडीत बसलेले आई-बाबा. सासरी दारावर लावायचं, म्हणजे येता-जाता दिसतील, असं तिच्या मनात होतं.

सगळं गाडीत चढलं. भागाबाई नवी साडी नेसून पुढं आली. "अहो, आज तरी पट्टे काढा. माकडं वऱ्हाडात नटून आलीत, वर बसायला कुणी तयार नाही. आणि लेकीचं रुखवत आहे हे."

"तेच तर म्हणतोय मी! लेकीचं रुखवत आहे. द्वारकाबाईंनी काय नावं ठेवली होती? पट्ट्यांना! मग त्यांना हे पट्टे असेच दाखवायचे. रुखवताच्या मधोमध मांडायचे. उलगडले तर दाखवायचं काय?"

भागाबाईला क्षणभर ते खरंच पटलं. तुम्हालाही पटलं, तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय.

तर रुखवताला वेली बांधल्या. उत्तम गुंडाळलेले पट्टे एका टोपलीत मऊ गवतावर ठेवले आणि टोपली केरोबानं स्वतः मांडीवर घेतली. सनई वाजली. वऱ्हाड निघालं.

घाटातल्या मोठ्या वळणावर चाक खड्ड्यात गेलं. गाडी कलली. वेल काडकन तुटली.

आधी लाडू गेले. मग गडूंची उतरंड गेली, खळखळ वाजत. मग वृंदावन. सगळ्यात शेवटी तोरण निसटलं. ते केरोबाच्या अगदी नाकासमोरून गेलं. हात मोकळा असता तर सहज धरता आलं असतं. पण टोपली कलत होती, आणि केरोबानं दोन्ही हातांनी टोपली धरली.

सनई थांबली. सगळे दरीच्या कडेला येऊन खाली बघू लागले. खाली नदी होती आणि नदीतून एक रंगीत पट्टी वाहत चालली होती.

मधुली रडली नाही. तिनं टोपलीकडे बघितलं आणि विचारलं, "बाबा, पट्टे ठीक आहेत ना?"

ती मनापासून विचारत होती. बाबांचा जीव त्यात आहे हे तिला माहीत होतं. पण केरोबाला ते असं लागलं की तो मटकन खाली बसला. "पोरी, मी गाढव आहे!" असं म्हणून तो ढसाढसा रडू लागला. वऱ्हाडात गाढवही होतं. पण प्रसंग बघून ते गप्प राहिलं.

"मालक," रंगनाथ म्हणाला, "आता तरी उलगडा. पट्टे एकमेकांना जोडून खाली सोडू. काठावर अडकलंय ते तरी निघेल."

"उलगडतो!" केरोबा ताडकन उठला. त्यानं पहिला आलेला पट्टा हातात घेतला. टोक धरलं.

"थांबा!" भागाबाई ओरडली. "खबरदार! लाडवांचा भुगा झालाय, तोरण वाहून गेलं, खाली काढायला आहे काय? आता हे पट्टेच आपलं रुखवत. हेही उलगडलेत तर विहीणबाईंना काय दाखवायचं, माझं कपाळ?"

केरोबानं टोक सोडलं. रंगनाथानं आभाळाकडे बघितलं. वऱ्हाड पुढं निघालं. गाडी हलकी झाल्यामुळं घाट पटकन संपला, एवढंच काय ते सुख.

मांडवाच्या दारात द्वारकाबाई उभीच होती. पाय धुणं नाही, गूळपाणी नाही. तिनं पहिला प्रश्न केला, "रुखवत?"

केरोबाला वाटेत खूप थापा सुचल्या होत्या. चोरांनी नेलं, वानरांनी खाल्लं, महाराजांना आवडलं. पण मधुली शेजारी उभी होती आणि नवऱ्या मुलाकडे बघून कान खाजवत होती. केरोबाला खोटं बोलवेना. त्यानं हात जोडले. "विहीणबाई, माझ्या पोरीनं फार सुंदर रुखवत केलं होतं. ते माझ्यामुळं दरीत गेलं. काय बोलायचं ते मला बोला. तिला परत पाठवू नका."

हात जोडायचे म्हणून त्यानं टोपली खाली ठेवली होती. द्वारकाबाईची नजर टोपलीत गेली.

ती वाकली. एक पट्टा उचलला. उजेडात धरला. काठावरून बोट फिरवलं.

"हा... हा कुणी गुंडाळला?"

"मी," केरोबा कसाबसा म्हणाला.

"एक सुरकुती नाही हो!" द्वारकाबाई पट्टा फिरवून फिरवून बघत म्हणाली. "काठाला काठ! अहो, इकडे या, बघा तरी! लाडू काय, कुणीही वळतं. असं काम डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं."

"पण विहीणबाई," केरोबाला राहवेना, "हाच पट्टा बांधला असता तर सगळं वाचलं असतं."

"बांधला असता?" द्वारकाबाईनं पट्टा छातीशी धरला. "आणि मग हा असा राहिला असता का? लाडू दरीत गेले ते गेले. इथं आले असते तर पोटात गेले असते. जायचेच होते ते. भटजी, मंगलाष्टका सुरू करा!"

अक्षता पडल्या. मधुली आणि तो हसरा मुलगा, दोघांनी एकमेकांना हार घातले. जेवणावळी उठल्या. केरोबा एवढा जेवला की बस. पावसाळाभर अडकलेला घास एकदाचा घशाखाली उतरला.

पाठवणीआधी द्वारकाबाईनं व्याह्यांना घर दाखवायला नेलं. बाळांनो, काय ते घर! ओळीनं तांब्याचे पेले, सोन्यासारखे लखलखीत. सागाचा झोपाळा, पानांत गुंडाळलेला, वरून सुतळी. पलंग झाकलेला. खलबत्ता झाकलेला. चूलसुद्धा झाकलेली, स्वयंपाक शेजारच्यांकडे. "ह्या घरात आजवर एकही वस्तू वापरलेली नाही," द्वारकाबाई अभिमानानं म्हणाली. "माझ्या सासूबाईंपासून."

भागाबाईनं पाणी मागितलं. तेव्हा सगळ्यांना ओढ्यावर नेलं आणि ओंजळीनं प्या म्हणून सांगितलं.

केरोबाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "भागा," तो हळूच म्हणाला, "माझी पोर अगदी आपल्यासारख्या घरात पडली गं."

भागाबाई काळजीनं लेकीला जवळ घेऊन म्हणाली, "मधुले, जपून राहा हो. हातून काही फुटायला-मोडायला नको."

"आई, कसं फुटेल?" मधुली म्हणाली. "आधी ते कुणी हातात तर दिलं पाहिजे!"

आणि माय-लेकी अशा हसत सुटल्या, की ओढ्यातलं पाणी पितानाही त्यांना ठसका लागला. विहीणबाईंना वाटलं, पाठवणीचं रडू आहे. त्यांनी कौतुकानं मान डोलावली.

तात्पर्य (हे पाठ करा, समजलं नाही तरी चालेल): पट्टा मालासाठी नसतो, माल पट्ट्यासाठी असतो. तेव्हा चांगली वस्तू कामाला लावून तिचा अपमान करू नये. माल दरीत गेला तर लोक रस्त्याला नावं ठेवतात. पट्टा चुरगळला तर आपल्याला.